चहा घेणारी गिऱ्हाइकं

यादी पाठवून झाली तेव्हा साडेदहा वाजले होते. अण्णांच्या मागे राहिलेल्या कामांतलं एक तरी नीट पार पडलं, असं वाटून तनुजाने अण्णांचा फोन काउंटरवर पालथा ठेवला आणि पंखा एकने वाढवला.

यादी तिने मन लावून केली होती. सांगवीच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात ती बारा वर्षं नोकरीला होती. वस्तू मोजायच्या, नोंदवायच्या, एका ओळीत लावायच्या, हे तिच्या हाताच्या सवयीचं काम. चाकणला तळेगाव रस्त्यावरच्या अण्णांच्या दुकानात चार दिवस बसून तिने एकेक कपाट रिकामं केलं. रॅमच्या पट्ट्या, एसएसडी, कीबोर्ड, माऊस, पॉवर सप्लायचे डबे, टोनर. प्रत्येक वस्तूचं खरेदीचं बिल शोधलं, त्यावर दहा टक्के चढवले आणि जो आकडा आला तो समोर लिहिला.

दुकान सुजित घेणार होता. तो अकरा वर्षं अण्णांच्या हाताखाली होता, आता भोसरीत त्याचं स्वतःचं दुकान होतं. "आठ दिवस तुम्ही माल काढा ताई, उरेल तो मी घेतो," असं त्यानेच सांगितलं होतं. तनुजाला वाटलं, मग जुन्या गिऱ्हाइकांना आधी विचारावं. अण्णांनी जोडलेली माणसं होती ती. तेराव्याला महाळुंग्यात काकांच्या दारापुढे मांडव घातला होता, त्यात उभं राहायला जागा पुरली नव्हती. कंपन्यांतले, वर्कशॉपवाले, झेरॉक्सवाले, शाळांचे शिपाई. प्रत्येकजण तिला तेच सांगत होता: असा माणूस पुन्हा होणे नाही.

म्हणून यादीच्या वर तिने लिहिलं होतं: "नमस्कार. सयाजीअण्णांना जाऊन सोमवारी तीन आठवडे होतील. दुकान आम्ही बंद करत आहोत. शिल्लक मालाची यादी सोबत आहे. भाव सर्वांना एकच. आपण अण्णांना जीव लावलात, त्याबद्दल ऋणी आहे. तनुजा."

'भाव सर्वांना एकच' लिहिताना तिची नजर आपोआप वर पाटीकडे गेली होती. ती पाटी तिनेच रंगवलेली. दहावीच्या सुट्टीत, पांढऱ्या पत्र्यावर निळ्या ऑइलपेंटने. 'भाव एकच. कृपया घासाघीस करू नये.' त्यातलं 'कृपया' अण्णांनी मागाहून घालायला लावलं होतं. जागा उरली नव्हती, त्यामुळे ते दोन शब्दांच्या मध्ये अंग चोरून बसल्यासारखं दिसायचं. गेली बावीस वर्षं ती पाटी तिथे होती. आई असताना, आई गेल्यावर, तनुजाच्या एम.ए.च्या वर्षांत, तिच्या नोकरीनंतर. कोणाशी बोलताना वडिलांचा विषय निघाला की ती ठरलेलं एक वाक्य सांगायची: आमच्या अण्णांच्या दुकानात कलेक्टर येवो नाहीतर हमाल येवो, भाव एकच.

पालथा फोन काउंटरवर थरथरायला लागला.

पहिला मेसेज कुरुळीच्या एका वर्कशॉपवाल्याचा होता. "थोडं कमी करा ताई, पुण्यात पन्नासनं कमी मिळतंय." तिला जरा हसू आलं. पाटी वाचत नाहीत लोक. दुसरा आला: "रॅम सोळाशे? आकडा चुकला नाही ना ताई?" तिसरा: "हीच पट्टी मला फेब्रुवारीत चोवीसशेला दिली होती. भाव एवढे उतरले?" चौथ्याने काहीच लिहिलं नव्हतं. अण्णांनी त्याला पाठवलेल्या जुन्या मेसेजचा फोटो टाकला होता आणि खाली एक प्रश्नचिन्ह.

तिने फोटो मोठा केला. "आठ जीबी रॅम, चोवीसशे. तुमच्यासाठी खास." तारीख नऊ फेब्रुवारी. तिने फाइल उघडून ते बिल काढलं. फेब्रुवारीतलाच तो खोका, पन्नास पट्ट्या, प्रत्येकी साडेचौदाशे. अजून अकरा पट्ट्या तिच्यासमोर कपाटात होत्या.

अण्णांची लिहिताना चूक झाली असेल, असं तिला वाटलं. डोळ्यांवर झापड यायची त्यांना दुपारची. पण ग्रंथालयात एखादं पुस्तक जागेवर नसलं की ती जे करायची तेच तिने नकळत केलं. अण्णांच्या फोनमध्ये 'रॅम' हा शब्द टाकला आणि शोध घेतला.

नऊ फेब्रुवारीला अण्णांनी त्या पट्टीचा भाव सहा जणांना कळवला होता. एका कंपनीच्या खरेदीवाल्याला साडेसोळाशे. मोशीच्या रोहिदासला सतराशे. मग दोघांना एकोणीसशे. एकाला चोवीसशे. तिथपर्यंत तिने शांतपणे वाचलं. सहावं नाव तिने वाचलं आणि फोन खाली ठेवला, मग परत उचलला. 'भिमाजी ३'. सव्वीसशे.

भिमाजी म्हणजे अण्णांचे सख्खे थोरले भाऊ. तिचे काका. ज्यांच्या दारात मांडव घातला होता ते. बावीस वर्षांपूर्वी या गाळ्याचं डिपॉझिट त्यांनी कंपनीला गेलेल्या जमिनीच्या पैशातून भरलं होतं आणि नंतर त्याचा कधी उच्चार केला नव्हता. आता त्यांच्या मुलांची ट्रान्सपोर्टची कचेरी होती. तिथले सगळे संगणक अण्णांकडूनच जात.

आणि तो तीनचा आकडा. फोनमध्ये जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावापुढे असा आकडा होता, एक, दोन नाहीतर तीन. यादी पाठवताना तिला ते दिसलं होतं. गिऱ्हाइकाकडे किती मशीन आहेत ते अण्णांनी लिहून ठेवलं असेल, असं समजून तिला अण्णांचं कौतुकही वाटलं होतं.

तेवढ्यात तिच्या स्वतःच्या फोनवर सुजितचा कॉल आला.

"ताई, ती यादी पाठवली का काय तुम्ही?"

"हो. मघाशीच."

"सगळ्यांना?"

"चारशे बारा जणांना. एकदम जात नव्हती, दोन हप्त्यांत पाठवली."

पलीकडे थोडा वेळ नुसते ट्रकचे हॉर्न ऐकू आले.

"डिलीट मारा. सगळ्यांसाठी डिलीट. मी निघालोच."

तिने डिलीट केलं नाही. करायचं नाही असं काही ठरवलंही नव्हतं. ती नावं आणि त्यांना कळवलेले जुने भाव बघत बसली होती. 'एक'वाले पुष्कळ होते. 'दोन'वाले त्याहून जास्त. 'तीन'वाले तिने मोजले. सत्त्याण्णव. त्यातल्या कितीतरी जणांना ती नावाने ओळखत होती. तेराव्याला तिच्या डोक्यावर हात ठेवणारी, तिला जेवायला बसवणारी माणसं बहुतेक तीच होती.

सुजित आला तो हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा माणूस. एरवी आत येताच अण्णांच्या खुर्चीला हात लावून तो हात छातीला लावायचा. आज ते विसरला.

"किती जणांनी वाचली?"

"दीडशे तरी."

"संपलं राव." तो स्टुलावर बसला. "अहो, एवढं शिकलात तुम्ही. एक फोन तरी करायचा मला."

तनुजाने अण्णांचा फोन त्याच्यापुढे सरकवला. "सुजितभाऊ, एक दिवस, एक पट्टी, सहा माणसं. मला समजावून सांगा."

त्याने स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही. तो तिच्याकडे बघत राहिला. मग हळूहळू त्याने हेल्मेट काढलं.

"तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

तिने फोन आणखी पुढे सरकवला.

"मला वाटलं, घरात माहीत असेल." तो जरा ओशाळला. "ताई, ही काय चोरी नाही. सगळा बाजार असाच चालतो. नव्या माणसाला तुम्ही ह्या पट्टीचा भाव विचारा, त्याला येतो का सांगता? भाजी असती तर बाई म्हणाली असती, परवा वीसला होती. हिचा भाव दर महिन्याला हलतो. गिऱ्हाईक काय धरून बोलणार?"

"आणि हे आकडे?"

"एक म्हणजे चार दुकानं फिरून येणारा. त्याला दोन-अडीचशे सुटतील अशा भावाने द्यायचं, नाहीतर तो जातो. दोन म्हणजे घासाघीस करणारा. त्याला आधी चढवून सांगायचं, मग उतरवायचं. तो पण खूश."

"आणि तीन?"

"तीन म्हणजे आपला माणूस."

बाहेरून कंपनीची बस गेली, काचा हलल्या. तनुजाला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं.

"आपला माणूस?"

"आपला माणूस भाव विचारत नाही, ताई." सुजित आता शिकवणाऱ्याच्या सुरात बोलायला लागला, आणि त्या सुरात अण्णा ऐकू येत होते हे तिच्या लक्षात आलं. "मी पहिल्या दिवशी आलो ना, तेव्हा अण्णांनी मला मशीन खोलायला नाही शिकवलं. चहा विचारायला शिकवलं. गिऱ्हाईक दारात आलं की आधी चहा, भाव नंतर. नको म्हणाला तर एक. उभ्या उभ्या घोटभर घेतला तर दोन. बसून, बशीत ओतून, घरचं सांगत सांगत प्यायला, की तीन. चहा पोटात गेल्यावर माणसाला घासाघीस करायची लाज वाटते. हे अण्णांचं वाक्य आहे, माझं नाही."

समोरच्या टपरीवर अण्णांचं खातं होतं. दिवसाला तीस-चाळीस चहा. आई असताना त्यावरून कुरकुरायची. तेराव्याला तर जो तो हेच बोलत होता: सयाजीअण्णांनी कधी चहाशिवाय जाऊ दिलं नाही.

"मला वाटायचं, अण्णांना माणसं आवडतात," तनुजा म्हणाली.

"आवडायचीच की! म्हणून तर." सुजित मनापासून म्हणाला. "कोणाचं मशीन प्रवेशाच्या सीझनला बंद पडलं तर रविवारी दुकान उघडून देणारा माणूस होता तो. एक पैसा न घेता. ते पण खरं आहे ना?"

"आणि ही पाटी?"

सुजितने पाटीकडे पाहिलं आणि त्याला हसू आवरलं नाही. "पाटी फार कामाची, ताई. चलाख माणूस पाटी वाचतच नाही. भोळा वाचतो आणि गप्प बसतो."

तनुजाला तो ऑइलपेंटचा वास आठवला. 'कृपया' घाल मध्ये, अण्णा म्हणाले होते, कसं, माणसाला बरं वाटतं. ती रात्रंदिवस पुस्तकांत बुडालेली मुलगी होती, आणि 'पुस्तकाला नाही म्हणायचं नाही' हा अण्णांचा शिरस्ता. महिन्याला दोन-तीन पुस्तकं यायची. ती कोणाच्या पैशांतून आली असतील, असा विचार तिच्या मनात आला आणि तिथेच थांबला. पुढे जाववेना.

"काका," ती म्हणाली. "काका तर सख्खे भाऊ."

"त्यांनी कधी भाव विचारलाच नाही. घरच्या दुकानात भाव विचारतात का? आपल्याकडे रीतच नाही तशी. ते म्हणायचे, सयाजी, लाव बाबा काय लावायचं ते." सुजित थांबला. "आता ज्याने विचारायचंच नाही असं ठरवलंय, त्याला सगळ्यात जास्त लागणारच. कंपनीवाल्याला जेमतेम नफ्यावर दिलं ते भरून कुठून काढायचं?"

त्याने समोरचा अण्णांचा फोन उचलला आणि भराभर काहीतरी टाइप केलं. मग तिच्यासमोर धरलं. "मघाची यादी चुकीने गेली आहे. त्यातले भाव ग्राह्य धरू नयेत. सुधारित यादी संध्याकाळी पाठवू."

"एवढं दाबा फक्त. लोक विसरतील. बाप गेलेली मुलगी आहे, गोंधळली, म्हणतील. अण्णांचं नाव राहील आणि आपला व्यवहार पण राहील. स्पष्टच सांगतो ताई, मी पाच लाख देतोय ते या फळ्यांचे नाहीत. ते या नंबरचे आहेत. या सत्त्याण्णव माणसांचे."

त्यालाही आकडा पाठ होता.

तिने फोन हातात घेतला. निळा बाण दाबायचा होता, बस. अण्णांचं नाव राहील. तेराव्याच्या मांडवातली सगळी माणसं तशीच राहतील, जशी आज सकाळी साडेदहापर्यंत होती. तिच्या अंगठ्याखाली तो बाण होता, आणि खरं सांगायचं तर तो दाबायला ती तयार झाली होती.

"हाय का गं पोरी?"

दारात शालनबाई उभ्या होत्या. मोशीच्या. गावठाणातल्या आपल्याच घराच्या ओटीवर ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं आणि प्रिंटा काढायचं केंद्र चालवायच्या. साठीच्या आसपास, पदर खोचलेला, हातात कापडी पिशवी. पायऱ्या चढून आल्यामुळे धाप लागली होती. सुजित चटकन स्टुलावरून उठला. ते स्टूल त्यांचंच होतं. दर महिन्याला येऊन त्या तिथेच बसायच्या.

"बसा मावशी, बसा. बसनं आलात?"

"मग काय इमानानं? आगं तनू, तुझी यादी सुनेनं वाचून दावली आन् तशीच बस धरली बघ. फोनवर बोलायची गोष्ट न्हाई ही." त्यांनी मागे वळून दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुझं नुकसान व्हतंय."

"माझं?"

"मग! ती एसएसडी का काय, ती तू एकोणतीसशे लिवलीयस. सयाजीभाऊ मला एक्केचाळीसशेला द्यायचे. आन् तेबी म्हणायचे, शालनबाई, तुमच्याकडनं मी काय कमवू, तुमाला खरेदीनंच देतो. म्हंजे खरेदीच चार हजाराची आसंल का न्हाई? आन् तू हजार-बाराशेनं खाली लिवून बसलीस. आगं, लोक लुटून न्हेतील तुला. बाप न्हाई म्हणल्यावर कोन सांगणार? म्हणलं, आपण सांगावं."

पिशवीतून त्यांनी रुमाल काढला, गाठ सोडली. आत नोटा घडी करून ठेवलेल्या होत्या.

"मला एक पायजेच व्हती. ह्ये एक्केचाळीसशे हायेत. मी माझ्या भावानंच घेणार. दुसऱ्यांना काय द्यायचं ते तू बघ, पर यादी आधी सुधार."

या दुकानात अशा वेळी जे बोलायची सवय होती तेच तनुजाच्या ओठांवर आलं. "शालनकाकू, चहा..."

आणि ती तिथेच थांबली.

"घेते की," शालनबाई म्हणाल्या. "ह्या दुकानातनं चा न घेता कोन गेलंय?"

"मी सांगतो चहा," सुजित म्हणाला. "आणि मावशी, अगदी बरोबर बोललात बघा. यादी चुकलीच आहे. ताईंना काय ठाऊक भावाचं! आत्ता तेच चाललं होतं आमचं. चुकीचा मेसेज गेला म्हणून कळवतोच आहोत सगळ्यांना." त्याने शालनबाईंच्या डोक्यावरून तनुजाकडे बघत भुवया उंचावल्या. दाबा.

फोन तिच्या हातातच होता. समोर स्टुलावर रुमाल उघडून बसलेली बाई होती, तिला वाचवायला मोशीहून बस पकडून आलेली.

"यादी बरोबर आहे, काकू," तनुजा म्हणाली.

"आँ?"

"एकोणतीसशे बरोबर आहेत. त्यातसुद्धा दहा टक्के आमचे आहेत. हे खरेदीचं बिल."

शालनबाई हसल्या. "तुला कळंना झालंय पोरी. दुःखात हायेस."

"मला कळतंय. अण्णा तुमच्याकडून जास्त घ्यायचे."

"ताई," सुजित म्हणाला.

"वस्तू तीच असायची. दुसऱ्याला जी सतराशेला, ती तुम्हाला चोवीसशेला. मलाही आत्ता, तासाभरापूर्वी कळलं."

शालनबाई हसत होत्या ते हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त त्यातलं हसणं निघून गेलं. पंखा गरगरत होता. रुमालावरच्या नोटेचं टोक उडत होतं, त्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"मला?" त्या म्हणाल्या. "म्हंजे मलाच?"

"तुम्हाला, आणि अजून बऱ्याच जणांना."

"कधीपासनं?"

"फोनमध्ये नऊ वर्षांचं आहे. त्याच्या आधीचं माहीत नाही."

शालनबाईंनी मग जे विचारलं ते तनुजाच्या कल्पनेतही नव्हतं.

"रोहिदासला किती लावायचे?"

"काकू..."

"माझ्या समोरच्या रोहिदासला गं. तो बी हितनंच न्ह्यायचा. त्याला किती?"

"कमी."

"किती कमी?"

"सगळ्यात कमी ज्यांना लावायचे त्यातलाच तो. टोनरसुद्धा. जो तुम्हाला साडेसातशेला, तो त्याला पाचशेला."

"व्हय?" शालनबाई म्हणाल्या. फक्त तेवढंच. मग पुन्हा, अगदी हळू, "व्हय?"

त्या खाली फरशीकडे बघत बोलायला लागल्या, जणू सुजित-तनुजा तिथे नव्हतेच. "रोहिदासनं प्रिंट दोन रुपयाला केली. मला तीनच्या खाली परवडंना. पोरं समोर जायला लागली. सून म्हणायची, आत्या, त्याला परवडतंय, आन् तुमालाच कसं परवडत न्हाई? तुमाला धंदा जमत न्हाई. म्हागल्या साली दुसरं मशीन इकून टाकलं. मीबी तेच धरून बसले व्हते की गं. मला जमत न्हाई. बाईमाणूस, सातवी शिकलेली. रात-रात इचार करायची, कुठं चुकतंय आपलं." त्यांनी मान वर केली. "माझं कुठंच चुकत नव्हतं?"

तनुजाने मान हलवली. नाही.

टपरीवरचा माणूस तीन ग्लास घेऊन आला, काउंटरवर ठेवून गेला. कोणी हात लावला नाही.

"मी परत देईन," तनुजा म्हणाली. "फोनमध्ये सगळं आहे. बेरीज करून..."

"काय काय देशील?" शालनबाईंनी विचारलं. त्यात राग नव्हता. त्यांना खरोखरच ते जाणून घ्यायचं असावं.

त्यांनी नोटा मोजायला घेतल्या. एकेक नोट अंगठ्याने सरकवत त्यांनी एकोणतीसशे वेगळे काढले, काउंटरवर ठेवले. उरलेले बाराशे रुमालात बांधून पिशवीत टाकले.

"दे ती वस्तू."

तनुजाने कपाटातून डबी काढून दिली. शालनबाईंनी ती उलटीपालटी करून पाहिली. इतक्या वर्षांत त्यांनी असं कधी केलं नसावं.

"पावती दे."

सुजितने मान दुसरीकडे फिरवली. पावतीपुस्तक खणात तळाशी होतं, अण्णांच्या चष्म्याखाली. चष्मा बाजूला ठेवून तिने ते काढलं, कार्बन सरळ केला आणि नाव लिहायला पेन टेकवलं. तेव्हा तिच्या लक्षात आलं की तिला या बाईचं आडनाव माहीत नाही. फोनमध्ये 'शालनबाई मोशी ३' एवढंच होतं.

"काकू, पूर्ण नाव?"

"शालन मालोजी बोराटे. नीट लिही."

तिने लिहिलं. वस्तू, आकडा, तारीख. शालनबाईंनी पावती हातात घेऊन लांब धरली, ओठ हलवत प्रत्येक अक्षर वाचलं, आकडा दोनदा वाचला. मग घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवली आणि उठल्या. दारापर्यंत जाऊन थांबल्या.

"तेराव्याला मी रडले व्हते," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या.

"हो काकू. मी पाहिलं होतं."

"ते खरं व्हतं."

आणि त्या गेल्या. रस्त्यापलीकडे बसस्टॉपवर त्यांचा पदर थोडा वेळ दिसत होता, मग मध्ये एक कंटेनर येऊन थांबला.

सुजितने हेल्मेट उचललं. त्याचा आवाज चढलेला नव्हता, उलट थकल्यासारखा होता. "काय मिळवलंत, ताई? म्हातारीची झोप घालवलीत. अण्णांचं नाव घालवलंत. आणि ही एक झाली. अजून शहाण्णव आहेत."

"हो," तनुजा म्हणाली.

"नंबर असा नासवून मला नको. मग दुकानाचे दीडच्या वर नाही देता येणार."

"फळ्यांचे जे होतील ते द्या."

तो दारात घुटमळला. जाता जाता त्याचा हात सवयीने अण्णांच्या खुर्चीकडे गेला, खुर्चीला लागला, आणि तसाच खाली आला.

तो गेल्यावर तनुजाने ते तिन्ही चहा मागच्या मोरीत ओतले, ग्लास विसळून टपरीवर देऊन आली. परत आली तेव्हा अण्णांच्या फोनवर सुजितने टाइप केलेला मेसेज तसाच न पाठवता पडलेला होता. तिने तो पुसला. नावांच्या यादीत वर-खाली गेली. शहाण्णव. कुठून सुरुवात करायची ते तिला माहीत होतं.

तिने 'भिमाजी ३' वर बोट ठेवलं आणि उभी राहिली. बसून बोलणं जमलं नसतं.

तिसऱ्या रिंगला काकांनी उचलला. मागे कोणीतरी ट्रक मागे घेत होतं, येऊ दे, येऊ दे, असं ओरडत होतं.

"बोल गं तनू. दुकानातनं बोलतीस न्हवं? उन्हाचं काय बसलीस तिथं? चा-बिस्कीट काय घेतलंस का न्हाई?"

"नाही काका," ती म्हणाली. "आधी माझं ऐका."